ताई, चाळिशीनंतर कादंबऱ्यांचं वेड लागलंय, हे बरं की वाईट?

"ताई, मी ऐरोलीला राहते, वय 41, तुर्भ्याला एका ट्रान्सपोर्ट कंपनीत अकाउंट्स बघते. माहेर खटाव तालुक्यातलं. दहावीपर्यंत मराठी मिडियम, मग कॉमर्स, नोकरी, लग्न, मुलगी असं सगळं होत गेलं आणि शाळेतल्या धड्यांपलीकडे गोष्टीचं पुस्तक कधी हातात धरलंच नाही. मागच्या वर्षी मुलीला नौपाड्यात क्लास लावला, ती आत असताना दोन तास करायचं काय म्हणून ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयात मेंबर झाले. तिथे काउंटरवरच्या बाईंनी 'बनगरवाडी' दिली. शेकूची बायको बैलाच्या जागी स्वतः औताला जुंपून घेते ना, ते मी ट्रेनमध्ये वाचत होते आणि मला रडूच आवरेना, शेजारची बाई विचारायला लागली काय झालं म्हणून. तेव्हापासून वेडच लागलंय. पण ऑफिसमधला एक जण म्हणतो हे टाइमपास आहे, स्वतःला सुधारणारी पुस्तकं वाच. सासूबाई म्हणतात ही पुस्तकात तोंड खुपसून बसते. सगळे 'कोसला', 'कोसला' म्हणतात म्हणून ती आणली तर चाळीसएक पानांनंतर सोडून दिली, आपल्याला तेवढी अक्कल नाही असं वाटलं. बनगरवाडीनंतर दुसरं कशातच मन लागत नाही. आणि आता या वयात सुरू करून सगळं कधी वाचून होणार? लोक शाळा-कॉलेजात वाचून बसलेत. मुख्य म्हणजे जी माणसं खरी नाहीतच त्यांच्यासाठी रडणं हे बरोबर आहे का? पुस्तक संपल्यावर मी आईला फोन केला होता, दुष्काळाचं विचारायला, ती तासभर बोलली. प्लीज मला अहो-जाहो करू नका. — ऐरोलीची वाचक"

अहो-जाहो नको म्हणालीस, तर नाही करत. पत्र मोठं होतं, वर त्यातलं थोडंच छापलंय.

तुझ्या पत्रातली सगळ्यात मोठी गोष्ट तू एकदम शेवटी लिहिलीयस, तीही एका ओळीत. आईला केलेला फोन. मी तुला उलट विचारलं होतं की आई काय बोलली ते जरा सांग, आणि तू जे कळवलंस ते तुझ्या परवानगीने इथे थोडं लिहितेय. 1972 च्या दुष्काळात तुझी आई बारा वर्षांची होती, तिच्या आईबरोबर रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची, तिथे सुकडी, म्हणजे दुष्काळात वाटायचे तो कोरडा पौष्टिक खाऊ, मिळायची आणि घरी मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीच्या, भाकरी, आणि खडी फोडताना एक कपची उडून कपाळाला लागलेली तिची खूण अजून आहे. ती खूण तू लहानपणापासून बघत आलीस आणि तुला वाटायचं की ती पडली-बिडली असेल. एक्केचाळीस वर्षांत हे तू विचारलं नव्हतंस आणि तिने सांगितलं नव्हतं.

आता तूच बघ. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' 1955 ची, धनगरांच्या एका वाडीत आलेल्या मास्तराने सांगितलेली गोष्ट, त्यातला काळ त्याच्याही आधीचा, औंध संस्थानातला, त्यात तुझी आई कुठेच नाही. शेकू रचलेला, त्याची बायको रचलेली. पण ती बाई औताला जुंपून घेताना तुला दिसली आणि ते पुस्तक मिटल्यावर तुझ्या मनात पहिला प्रश्न काय आला, तर माझ्या आईने दुष्काळात काय केलं असेल. हा प्रश्न तुला टीव्हीवरच्या बातम्यांनी कधी सुचवला नाही, व्हॉट्सअपवर दर उन्हाळ्यात फिरणाऱ्या कोरड्या विहिरींच्या फोटोंनी पण नाही. म्हणून खोट्या माणसांसाठी रडणं बरोबर आहे का याचं माझं उत्तर साधं आहे, तू एकट्या शेकूच्या बायकोसाठी रडत नव्हतीसच. आणि समजा फक्त तिच्यासाठीच रडली असतीस तरी त्यात काही बिघडलं नसतं.

त्या प्रसंगाकडे परत एकदा जा, पुस्तक अजून तुझ्याकडे असेल तर आत्ताच काढ. माडगूळकर तिथे "किती हे दारिद्र्य", "काय ही बाई" असं काहीही म्हणत नाहीत. गोष्ट सांगणारा मास्तर बघतो आणि जे दिसलं ते सांगतो, साध्या वाक्यांत, आणि पुढे जातो. रडायचं की नाही, कुठे रडायचं, हे त्यांनी तुझ्यावर सोडलंय. तिथे तुझं काहीतरी लागतं. खटाव तालुक्यातली उन्हं लागतात, आजीच्या डोक्यावरच्या हंड्याची आठवण लागते, रोज दोन माणसांचं काम एका बाईने ओढणं म्हणजे काय ते माहिती असावं लागतं. पंधराव्या वर्षी हेच पुस्तक तुझ्या हातात पडलं असतं तर तू ते वाचलं असतंस, आवडलंही असतं कदाचित, पण ट्रेनमध्ये रडली असतीस का? मला नाही वाटत.

म्हणून ते उशीर झाला वगैरे मी अजिबात ऐकून घेणार नाही. मी बरीच वर्षं वाचनालयाच्या देवघेव काउंटरवर बसलेय आणि चाळिशी-पन्नाशीत पहिल्यांदा कथा-कादंबरीकडे वळलेली माणसं जवळून बघितलीत. मुलं मोठी झाल्यावर आलेल्या बायका, ऑपरेशननंतर डॉक्टरने घरी बसवलेले गृहस्थ, व्हीआरएस घेतलेले. पहिल्या दिवशी सगळे एकच वाक्य बोलतात आणि तेही आवाज खाली करून, "काहीतरी हलकंफुलकं द्या हो, टाइमपासला". आणि काही महिन्यांनी हीच माणसं पुस्तक परत करताना काउंटर सोडायला तयार नसतात. कॉलेजची मुलं पुस्तक ठेवतात, दुसरं घेतात, जातात. ही माणसं विचारतात, "मला सांगा हा असा कसा वागला? बायकोला एकदा विचारायचं तरी!" मागे रांग लागलेली असते आणि यांचं भांडण चालूच, पुस्तकातल्या माणसाशी. वीस वर्षं संसार करून, नोकरीतल्या साहेबांना तोंड देऊन, आईवडलांची आजारपणं काढून जे वाचायला बसतात त्यांना कादंबरीत जे दिसतं ते विशीत दिसत नाही हे मी खात्रीने सांगते. विशीतल्यांना दुसरं काहीतरी दिसतं, तेही चांगलंच असतं, पण ते तुझ्याकडून राहून गेलं म्हणून रडत बसू नकोस.

आणि "सगळं कधी वाचून होणार" हा प्रश्नच डोक्यातून काढून टाक. सगळं कोणाचंच वाचून झालेलं नाही. मराठीतली पहिली कादंबरी म्हणतात ती बाबा पदमनजींची, 1857 ची, तेव्हापासून आजपर्यंत जे छापलं गेलं ते एका जन्मात वाचणं कोणालाच जमणारं नाही, आणि ज्या ग्रंथ संग्रहालयाची तू मेंबर आहेस ते 1893 पासून चालू आहे, तिथली कपाटं बघून छातीत धडकी भरण्यापेक्षा मला तर बरं वाटतं की बाबा हे आपल्याला जन्मभर पुरणार. ही पोर्शन कम्प्लीट करायची परीक्षा नाहीये. यादी करून, टिक मारून, वर्षाला इतकी पुस्तकं असं टार्गेट लावून वाचायला लागलीस तर जे आत्ता तुला मिळतंय ते पहिल्या दोन महिन्यांत हातातून जाईल. टार्गेटं ऑफिसात आहेतच की.

ऑफिसवरून आठवलं, तो सहकारी. त्याच्याशी वाद घालू नकोस, आणि घातलास तर कादंबरी वाचल्याने काय फायदा होतो हे पटवायला जाऊ नकोस, कारण तो त्याच्या मैदानावरचा खेळ आहे. असे फायदे सांगणारे लेख खूप फिरतात. 2013 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक अभ्यास आला होता की चांगल्या कथांचे उतारे वाचल्यावर माणसाला दुसऱ्याच्या नुसत्या डोळ्यांवरून त्याच्या मनातलं जरा जास्त ओळखता येतं, त्याची जगभर चर्चा झाली, पण नंतर दुसऱ्या संशोधकांनी तोच प्रयोग परत करून बघितला तेव्हा तसं काही दिसलं नाही. म्हणजे तो आधार धरून बसलीस तर उद्या तोही जायचा. तुला आधाराची गरजच काय? तू दिवसभर एलआर म्हणजे मालाच्या पावत्या, ई-वे बिलं, डिझेलचे हिशोब, कोणाचं भाडं थकलंय हे बघतेस, प्रत्येक रुपयाला खातं असतं. संध्याकाळी एक तास असा असू दे ज्याला खातं नाही. मला आवडतं म्हणून वाचते, एवढं वाक्य पुरे आहे, आणि हे वाक्य बोलताना आवाज खाली करू नकोस. त्याची ती पुस्तकं त्याला उपयोगी पडत असतील तर चांगलंच आहे, त्याला वाचू दे.

आता सासूबाई. हे नाजूक आहे आणि मी त्यांना ओळखत नाही, त्यामुळे जे लिहितेय ते जपून वाच. तू लिहिलंयस की त्या श्रावणात पोथी लावतात आणि शेजारच्या बायका ऐकायला येतात. म्हणजे गोष्टीचं त्यांना वावडं नाही, पोथीत गोष्टच तर असते, आणि त्यात रडू आलं तर कोणी नावं ठेवत नाही, उलट भक्ती म्हणतात. मग खुपतं काय? मला वाटतं खुपतं ते हे की पोथी सगळ्यांमध्ये बसून वाचतात आणि तू एकटी, गप्प, स्वतःसाठी वाचतेस. त्या वेळात तू घरात असून कोणाच्या हाताशी नसतेस. कुकरची शिट्टी झाली, पाणी आलं, कुणी बेल वाजवली, तुझं लक्ष नाही. नवरा मोबाइलवर मॅच बघत बसतो तेव्हा पण त्याचं लक्ष नसतं पण ते घराने गृहीत धरलंय, बाईचं धरलेलं नाही. हे काही तुझ्या सासूबाईंनी सुरू केलेलं नाही, त्यांच्या वाट्याला तर असा एक तास कधीच आला नसेल, हे पण लक्षात घे.

म्हणून चोरून वाचू नकोस. चोरून वाचलंस की ती चोरी ठरते. घरात एकदा नीट सांग की रात्रीची भांडी झाली की साडेनऊ ते साडेदहा मी वाचणार, तोपर्यंत काय हवं ते मागून घ्या. वेळ ठरलेली असली की लोकांना सवय होते, चार दिवस कुरकुर होईल, मग घरातली माणसंच म्हणतील तिचं वाचन चाललंय. आणि जमलं तर एखाद्या दुपारी, रविवारी, भाजी निवडताना वगैरे, त्यांना बनगरवाडीतली चार पानं मोठ्याने वाचून दाखव. समजावून सांगायला नाही, सहज. त्यातल्या म्हाताऱ्या कारभाऱ्यासारखा, वाडीचं सगळं बघणारा माणूस त्यांनी नक्की बघितला असेल आणि मग त्या तुला सांगतील. नाही आवडलं तर सोडून दे, आग्रह नको. डोळ्यांचा त्रास असेल तर स्टोरीटेलवर मराठी पुस्तकं ऐकायला मिळतात, पण माझं विचारशील तर पहिल्यांदा तुझ्या आवाजात ऐकू देत.

आता भालचंद्र नेमाड्यांच्या कोसलाचं बोलू. तू ती चाळीस पानांवर सोडलीस यात तुझ्या अकलेचा काही संबंध नाही. तुला ज्या पद्धतीने शाळेत वाचायला शिकवलं ती पद्धत आड आली. संदर्भासह स्पष्टीकरण द्या, अमुकचे स्वभावचित्र रेखाटा, लेखकाला काय म्हणायचे आहे ते तुमच्या शब्दांत लिहा. त्यामुळे पुस्तक उघडलं की आपण आतून उत्तर शोधायला लागतो, आणि कोसलातला पांडुरंग सांगवीकर तुला ते उत्तर देतच नाही. खानदेशातल्या खेड्यातून पुण्याला शिकायला आलेला मुलगा, तो बडबडतो, चेष्टा करतो, याद्या करतो, मध्येच डायरी येते, मध्येच तिसरंच काहीतरी. 1963 साली ती आली तेव्हा पण कितीतरी जणांना हे काय चाललंय असंच वाटलं होतं, अशी कादंबरी मराठीत आधी नव्हतीच. बनगरवाडीतला मास्तर तुला हाताला धरून वाडीत घेऊन जातो, हा पांडुरंग काही तुझ्यासाठी थांबत नाही. बनगरवाडीवरून थेट तिथे गेलीस म्हणून ठेच लागली, एवढंच.

ती परत करून टाक, लाज न बाळगता. पुढच्या वर्षी नाहीतर त्याच्या पुढच्या वर्षी कधीतरी परत घे. तेव्हा समजायचा प्रयत्न न करता नुसती ऐकत जा, तुझ्या कॉलेजात बाहेरगावाहून आलेला, होस्टेलवर राहणारा एखादा मुलगा बोलतोय असं समज. त्यात मध्ये त्याच्या धाकट्या बहिणीचं, मनीचं प्रकरण येतं. तिथपर्यंत पोचलीस की मग मला कोणी पुस्तक सोडलं असं सांगायला येणार नाही. पण आत्ता नको. आणि कायमसाठी एक लक्षात ठेव, चाळीस-पन्नास पानं प्रामाणिकपणे वाचूनही पुस्तक धरत नसेल तर सोडायचा हक्क तुला आहे, मग ते कितीही मोठ्या लेखकाचं असो आणि त्याला कितीही बक्षिसं असोत. फक्त सोडताना "मला आत्ता नाही जमलं" एवढंच म्हण. "बकवास आहे" पण नको आणि "मीच ढ आहे" पण नको.

बनगरवाडीनंतर काहीच गोड लागत नाही हे अगदी नेहमीचं आहे, आवडतं पुस्तक संपलं की असं होतंच. अशा वेळी लोक सांगतात त्याच लेखकाचं दुसरं घे, 'माणदेशी माणसं' घे. सुंदर पुस्तक आहे, तुझ्या माहेरच्या मुलुखाला लागूनची माणसं आहेत, तू वाचशीलच. पण मी लगेच घेऊ नको म्हणेन, कारण तू त्यात परत ती वाडी शोधशील आणि बिचाऱ्या त्या माणसांवर अन्याय करशील. पाच-सहा दिवस काहीच वाचू नकोस. मग एकदम दुसऱ्या टोकाला जा.

माझ्या मनात दुसरं टोक म्हणजे 'रणांगण'. विश्राम बेडेकर, 1939. लहानशी आहे, पर्समध्ये मावते. माणदेशातल्या कोरड्या माळावरून उठून थेट समुद्रात, बोटीवर. दुसरं महायुद्ध तोंडावर आलेलं, युरोपातून इकडे यायला निघालेली बोट, तिच्यावर हिटलरच्या जर्मनीतून जीव वाचवून निघालेली ज्यू माणसं, त्यात हेर्टा नावाची मुलगी, आणि घरी परत चाललेला एक मराठी माणूस, चक्रधर. सगळी गोष्ट त्या प्रवासाच्या थोड्या दिवसांतच घडते. बेडेकरांनी आयुष्यात ही एकच कादंबरी लिहिली आणि मराठीत आजही तिच्याबद्दल बोलल्याशिवाय लोकांना राहवत नाही. भाषा थोडी जुनी वाटेल, पहिली दहा पानं सावकाश वाच, मग ती जुनी वाटायची बंद होते. ही ट्रेनमध्ये वाचू नकोस. ऐरोली ते तुर्भे म्हणजे पाव तास, त्यात रबाळे-घणसोलीला चढणारी गर्दी, धक्के, "पुढे सरका". रणांगण रात्रीच्या त्या तासासाठी ठेव.

आणि ती वाचताना हे माहिती असू दे की याच बेडेकरांच्या बायकोने त्याआधी 1933 मध्ये 'कळ्यांचे निःश्वास' नावाचा कथासंग्रह काढला होता, तेव्हा त्यांचं लग्न व्हायचं होतं. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्न न झालेल्या मुलींच्या मनात काय चालतं ते त्यात इतकं उघड लिहिलं होतं की केवढा गदारोळ झाला, आणि ही विभावरी शिरूरकर कोण, बाई आहे की पुरुष आहे, यावरच चर्चा. ते टोपणनाव होतं. खऱ्या बाळूताई खरे, म्हणजे पुढच्या मालतीबाई बेडेकर. एका बाईला स्वतःच्या मनातलं लिहायला नाव लपवावं लागलं. तू आज ते पुस्तक कार्डावर घेऊन उघडपणे ट्रेनमध्ये वाचू शकतेस, आणि त्यातली प्रत्येक कथा सुटी आहे त्यामुळे गाडीत चालेल. काही कथा आज जुन्या वाटतील, काही अजिबात वाटणार नाहीत, विशेषतः कमावत्या मुलीच्या पगारावर घर चालतं त्याबद्दल जिथे जिथे येतं तिथे.

गाडीसाठी आणखी शंकर पाटील, द. मा. मिरासदार यांच्या कथा घे. एक स्टेशन-दोन स्टेशनात बस्तान बसतं आणि हसू येतं, शेजारची बाई आता हसण्याबद्दल विचारेल. जी. ए. कुलकर्णींच्या कथा मात्र गाडीत नको, त्या जड आहेत, सावकाश वाचायच्या, आणि सध्या घरी पण घाई नको.

दिवाळीत एक कर. आपल्याकडे 1909 मध्ये 'मनोरंजन' मासिकाने पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून ही चाल आहे, आणि बऱ्याच वाचनालयांत दिवाळी अंकांसाठी वेगळी थोडी वर्गणी भरली की बदलून बदलून अंक घरी नेता येतात. काउंटरवर विचार. एका अंकात आठ-दहा कथा, आज लिहिणाऱ्यांच्या, ज्यांची नावं तू ऐकलेली नाहीस. ज्याची कथा आवडेल त्याचं नाव मोबाइलमध्ये लिहून ठेव आणि मग त्याचं पुस्तक माग. स्वतःची आवड ओळखायचा याहून स्वस्त आणि चांगला मार्ग मला माहिती नाही, माझ्यासारख्यांच्या शिफारशींपेक्षा तर नक्कीच चांगला.

आणि काउंटरवरच्या त्या बाईंना सोडू नकोस. ज्या बाईने पहिल्याच दिवशी अनोळखी माणसाकडे बघून बनगरवाडी काढून दिली तिला कळतंय. पुस्तक परत करताना नुसतं ठेवू नकोस, काय आवडलं, कुठे कंटाळा आला ते दोन वाक्यांत सांग. आम्हाला, म्हणजे काउंटरवरच्यांना, त्यातूनच कळतं पुढचं काय द्यायचं. पुस्तकाच्या शेवटी तारखांचे शिक्के मारलेला कागद असतो तो पण बघत जा. एखाद्या पुस्तकावर शिक्के दाटीवाटीने असतात, एखाद्यावर कितीतरी वर्षांपूर्वीचा एक आणि मग थेट तुझा. ज्याच्यावर थोडे शिक्के आहेत ते वाईट असतं असं नाही, कधीकधी ते नुसतं खालच्या फळीवर असतं.

नावं विसरतेस असंही लिहिलंयस. त्याचं काही विशेष नाही, मोठ्या कादंबरीत सगळेच विसरतात. एका कागदाच्या पट्टीवर नाव आणि कोण कोणाचं लागतं एवढं लिहीत जा आणि तीच पट्टी खूण म्हणून वापर. लायब्ररीच्या पुस्तकात पेनने काही लिहू नकोस, हे मी कळकळीने सांगतेय.

थोडा सराव झाला, म्हणजे सहाएक महिन्यांनी म्हण, की 'झाडाझडती' घे. विश्वास पाटील, 1991, साहित्य अकादमी मिळालेली. धरणासाठी उठवलेल्या गावांची गोष्ट आहे, जाडजूड आहे, मध्ये मध्ये जीव घाबरा होतो. ती तुला का सुचवतेय तर तू ऐरोलीला राहतेस म्हणून. 1970 मध्ये सिडको, म्हणजे नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी, झाली आणि नवी मुंबईसाठी 95 गावांच्या जमिनी घेतल्या, त्यात तुझं ऐरोली पण आलं. तुझ्या सेक्टरच्या शेजारी जे गावठाण आहे, जिथून तू मासळी घेतेस, तिथल्या म्हाताऱ्या माणसांनी आपली भातशेती जाताना बघितलीय. कादंबरी त्यांच्याबद्दल नाही, तिथे धरण आहे, इथे शहर. पण ती वाचून झाल्यावर मासळीवाल्या मावशींशी तुझं बोलणं भावाच्या पुढे जाईल असं मला वाटतं. आईच्या बाबतीत झालंच ना तसं.

मुलीबद्दल तू ताजा कलम लिहिलायस की ती वाचतच नाही, तिला कसं लावू. यंदा तिचं दहावीचं वर्ष आहे, तिला काहीही लावू नकोस. तू तुझं वाच. तुझ्या घरी पुस्तकं टेबलावर, सोफ्यावर पडलेली दिसू देत, आणि तिने विचारलं यात काय आहे तर गोष्ट अर्धी सांगून उठून जा.

रणांगण वाचून झालं की मला लिहायचं, हे मात्र हक्काने सांगतेय. चक्रधर जसा वागतो त्याबद्दल मी त्याला आजपर्यंत माफ केलेलं नाही आणि माझ्या ओळखीच्या निम्म्या वाचकांना ते पटत नाही, ते त्याची बाजू घेतात. तू कोणाच्या बाजूने आहेस ते कळव, आणि का ते पण लिही.